गुरुवारी ती जे बोलून ठेवायची

आमचे सुट्टीचे वार कधी जुळले नाहीत. ती आधी भोसरीच्या आणि शेवटची दहा-अकरा वर्षं चाकणच्या एका कंपनीत होती आणि त्या पट्ट्यातल्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते. मी कॉलेजच्या ग्रंथालयात, मला रविवार. तेवीस वर्षं आम्ही असा संसार केला, की एकाच्या सुट्टीच्या दिवशी दुसरा डबा घेऊन बाहेर पडलेला. लग्न ठरताना हे कुणाच्या लक्षात आलं नाही आणि पुढे सवय झाली. मूल नव्हतं, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी घर अगदी शांत असायचं. मला ती शांतता वाचायला बरी वाटायची. तिला ती खायला उठायची, हे मला फार उशिरा कळलं.

त्या रिकाम्या गुरुवारांतून शेवटच्या दोन वर्षांत तिचं बोलणं सुरू झालं. संत तुकाराम नगरमधल्या आमच्या घराला मागच्या बाजूला लहानशी गॅलरी आहे. तिथे वॉशिंग मशीनवर फोन टेकवून ती बोलायची. आठवडाभरात कंपनीच्या बसमध्ये किंवा कामावर जे दिसलं, त्यातलं एखादंच काहीतरी. दोन मिनिटं, फार तर तीन. मग ते एका फुकटच्या संकेतस्थळावर टाकायची, जिथे लोक आपापले आवाज टाकून ठेवतात. स्वतःचं नाव तिने तिथे दिलं नव्हतं. ऐकणारी दहा-बारा माणसं असावीत, तीही कुठली कोण जाणे.

"अहो, या आठवड्याचं ऐका ना," ती म्हणायची.

"ऐकतो."

"असं म्हणून ठेवता. पुस्तक असतं तर जेवणाच्या ताटाशी घेऊन बसला असता."

"अगं, नेटवर आहे ना ते? मग कुठे पळून चाललंय? रिटायर झालो की सगळं ओळीने ऐकतो."

हे मी टाळण्यासाठी म्हणत होतो असं नाही. माझा खरंच तसा विश्वास होता. आमच्या ग्रंथालयात दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी एक व्याख्यान ठेवायचो, इंटरनेट जपून कसं वापरावं यावर. व्याख्याते बदलत, पण एक वाक्य दरवर्षी ठरलेलं असे: तुम्ही एकदा जे टाकलं ते कायमचं राहतं, पुसलं तरी पुसलं जात नाही. मुलं मान डोलवायची. मागच्या खुर्चीवर बसून मीही डोलवायचो. मुलांना ज्याची भीती घातली जात होती, त्याचा मला मनातून आधार वाटत होता. कागदाला वाळवी लागते, पुस्तकं हरवतात, बांधणी उसवते. हे एक तरी असं निघालं की ज्याची काळजी घ्यावी लागत नाही. तिच्या पहिल्या रेकॉर्डिंगचं अर्धं मिनिट मी ऐकलं होतं. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली होती.

गेल्या वर्षी भाद्रपदात तिला ताप आला. सहाव्या दिवशी ती गेली. त्याविषयी मला इथे अधिक लिहायचं नाही.

चौदावा झाला आणि पंधराव्या दिवशी मी तिच्या कंपनीत गेलो. नोकरी सोडणाऱ्या माणसाने कंपनीच्या वस्तू परत करायच्या असतात, त्याचा एक फॉर्म असतो. मेलेल्या माणसाच्या वतीने घरच्यांनी करायच्या. घाई नाही, असं त्यांनी फोनवर दोनदा सांगितलं होतं. पण मी आयुष्यभर काउंटरवर बसून लोकांना वस्तू वेळेवर परत करा म्हणून सांगत आलो. आदल्या दिवशी सगळं एका पिशवीत भरलं: ओळखपत्र, लॉकरची किल्ली, सेफ्टी शूज, दोन पांढरे कोट. कोट मी धुऊन इस्त्री करून आणले होते. आणि फोन. फोन कंपनीचा, त्यातलं सिमकार्डही कंपनीचं. सप्लायरचे फोन यायचे म्हणून तिला दिलेला. वेगळा फोन तिने कधी घेतलाच नाही. तिचं सगळं त्याच एका नंबरवर चालायचं. मी चार्जर दिला, आणि माळ्यावरून शोधून त्याचं रिकामं खोकंही दिलं.

तिथला अधिकारी भला माणूस होता. खोकं पाहून तो म्हणाला, "सर, इतकं नीटनेटकं आजवर कुणी आणून दिलं नाही." मला, खोटं कशाला बोलू, त्या दुःखातही बरं वाटलं. त्याने नियमाप्रमाणे माझ्या समोरच फोन पुसून कोरा केला. पडद्यावर एक गोल फिरत राहिला, मग थांबला. मी सही केली, पाणी प्यायलो आणि कंपनीच्या गेटवरून रिक्षा धरली.

त्यानंतर दोन-अडीच महिने मी तिचा आवाज ऐकायचा टाळला. ऐकावंसं वाटत होतं, पण एकदा ऐकायला सुरुवात केली की ती रेकॉर्डिंगं संपत जाणार, आणि संपली की मग पुढे काय, अशी भीती होती. ती आहेत एवढं पुरे होतं. कपाटात न वाचलेलं चांगलं पुस्तक असावं तसं.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी दुपारी मी अखेर संगणकावर बसलो. तिने कधीतरी पाठवलेली लिंक सापडली. ती उघडली, तर पान कोरं. वर एक ओळ होती, की इथे दाखवण्यासारखं काही नाही.

मला वाटलं माझं काही चुकलं. मी नेटवर तिचं नाव शोधलं. आणि तेव्हा ती भेटत गेली, पण किती भलत्याच ठिकाणी! एका मिक्सरविषयी तिने लिहिलेली तक्रार होती, भांड्याचं झाकण नीट बसत नाही म्हणून. खाली अकरा लोकांनी 'उपयोगी' म्हटलं होतं. कंपनीच्या सुरक्षा सप्ताहाचा एक फोटो होता, त्यात हेल्मेटमागे तिचा अर्धा चेहरा. आणि नोकऱ्यांच्या एका संकेतस्थळावर तिचं पान तसंच चालू होतं. कंपनीत तिला या महिन्यात अकरा वर्षं पूर्ण झाली, तिचं अभिनंदन करा, असं ते मला सांगत होतं. सहा जणांनी केलंही होतं. मिक्सरचं झाकण राहिलं होतं. तिने स्वतः जे बसून, विचार करून बोलून ठेवलं, ते नव्हतं.

दोन आठवडे मी त्या संकेतस्थळाला पत्रं लिहिली. ठरलेलं उत्तर यायचं: खात्यात शिरा, पासवर्ड विसरला असेल तर नोंदवलेल्या मोबाइलवर सहा आकड्यांचा कोड येईल. नोंदवलेला मोबाइल मी इस्त्रीच्या कोटांबरोबर परत केला होता.

शेवटी मी तिचाच नंबर लावला. तो लागेल असं वाटलं नव्हतं. दोन रिंग झाल्या आणि एका बाईचा आवाज आला, थोडा दबलेला.

"सर?"

मी फोन कानावरून काढून पडद्यावरचा नंबर पुन्हा पाहिला.

"सर, तुम्हीच ना? सिममध्ये मॅडमनी सेव्ह केलेले नंबर अजून आहेत. तुमचा 'लायब्ररी' म्हणून आहे. यादीत ते नाव दिसलं की मला वाटायचंच, कधीतरी तुमचा येईल."

ती माझ्या बायकोच्या हाताखाली चार वर्षं होती. तयार झालेले सुटे भाग बरोबर मापात उतरलेत का, हे जिथे तपासतात त्या खोलीत दोघी काम करायच्या. आता ती जागा हिला मिळाली होती आणि जागेबरोबर फोन. मी कोडचं सांगितलं. ती जरा थांबून म्हणाली, "सर, रागावू नका, पण कोड कुणालाबी सांगायचा नाही असं कंपनीनं ट्रेनिंगच दिलंय. आणि शिफ्टमध्ये फोन लॉकरला असतो. तुम्ही गुरुवारी घरी या. समोरासमोर करू."

मी गुरुवारची रजा टाकली. तेवीस वर्षांत गुरुवारची रजा मी चार-पाचदाच घेतली असेल.

ती चाकणजवळ निघोज्याला राहते. भोसरीहून बस, मग शेअर रिक्षा. रिक्षावाल्याने मला नातेवाइकांकडे लग्नाचं निमंत्रण द्यायला निघालेला समजून कोणत्या आळीत सोडू ते विचारलं. एका जुन्या घरावर मालकांनी भाड्यासाठी दोन मजले चढवले होते, त्यातल्या वरच्या खोलीत ती आणि तिचा नवरा. नवरा ओव्हरटाइमला गेला होता. खाली उन्हात घरमालकीण लसूण सोलत बसल्या होत्या.

"कुनाकडं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "मंग चपला वर घिऊन जा पावनं. हितं ठिवल्या तर कुत्रं न्हेतंय. परवा जावायाची न्हेली, एकच न्हेली, ती तरी दोन न्यावी का न्हाई!"

मी चपला हातात घेऊन जिना चढलो. वर ती दारात उभी होती. तिशी-बत्तिशीची, लातूरकडची. मला तसं चपला धरलेलं पाहून तिने पदर तोंडाला लावला. हसली की रडली ते मला कळलं नाही.

चहा झाला. मी पिशवीतून लॅपटॉप काढला. तिने फोन पुढ्यात ठेवला. तो फोन मी ओळखला. कोपऱ्यातला तडा तसाच होता. कोड आला, तिने एकेक आकडा सावकाश वाचला, शाळेत पाढा म्हणावा तसा, आणि मी टाइप केला. खात्याचं दार उघडलं.

आत काही नव्हतं. रेकॉर्डिंगं शून्य. पण खात्याच्या कोपऱ्यात काय केव्हा केलं याची यादी असते, ती मी उघडली. शेवटची नोंद होती, की तुम्ही सर्व रेकॉर्डिंगं हटवली आहेत. दिवस श्रावणातला, गुरुवार, दुपारची वेळ. म्हणजे ताप येण्याच्या तीन आठवडे आधी. खाली बारीक अक्षरात होतं, की हटवलेल्या गोष्टी साठ दिवस परत मिळवता येतात, त्यानंतर नाही.

मी ते दोनदा वाचलं. मनातल्या मनात दिवस मोजले. मी पिशवी भरून कंपनीत गेलो, त्या दिवशी ती रेकॉर्डिंगं अजून परत मिळण्यासारखी होती. पुढचे जवळजवळ तीन आठवडे होती.

"तिनेच पुसली," मी म्हणालो. "माझी समजूत होती की खातं बंद पडलं, किंवा कुणी..."

ती खाली बघत होती. मग म्हणाली, "सर, ते माझ्यामुळं झालं."

तिने जे सांगितलं ते असं. मॅडमनी फक्त तिलाच त्या संकेतस्थळाविषयी सांगितलं होतं. ती दर आठवड्याला ऐकायची. श्रावणाच्या आधी एक रेकॉर्डिंग आलं, त्यांच्याच बसमधल्या एका माणसाविषयी. तिला ते इतकं आवडलं, की तिने ते उतरवून घेतलं आणि बसच्या ग्रुपवर टाकलं. "मला वाटलं, बघा आमच्या मॅडम किती छान बोलतात. खरंच सर, दुसरं काहीच मनात नव्हतं. त्यात नाव बी नव्हतं हो कुणाचं."

नाव नव्हतं, पण बस एक आणि सीट ठरलेल्या. दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना कळलं कोण ते. एक म्हणाला, "काय भाऊ, रुमाल आणला का आज?" दुसरा मागून, "राव, माझा घे, धुतलेला हाय!" पुढे कुणीतरी त्याच्या सीटवर कागदी नॅपकिनची घडी घालून ठेवली. आठवड्याने त्या माणसाने बस सोडली आणि त्या ट्रकांच्या गर्दीत रोज मोटरसायकलवर येऊ लागला.

"मॅडम त्यांच्या डिपार्टमेंटला गेल्या होत्या माफी मागायला," ती म्हणाली. "मी बरोबर होते. ते म्हणले, कसली क्लिप मॅडम? मी तर काही ऐकली नाही. आणि मशीनकडं तोंड करून उभे राहिले. मॅडम परत आल्या आणि कामाला लागल्या. मला बी नाही रागावल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं सर."

मला तो गुरुवार आठवला. मी कॉलेजमधून आलो तेव्हा ती गॅलरीत नव्हती, स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. तिने विचारलं, "तुम्ही माझं अजून एकही ऐकलं नाहीत ना?" मला वाटलं टोमणा आहे. मी चपला काढता काढता म्हणालो, "ऐकेन गं, आता दोनच वर्षं राहिली." त्यावर ती म्हणाली, "बरं झालं." हेही मी टोमणाच समजलो आणि हातपाय धुवायला गेलो.

तिला सांगायचं होतं की नव्हतं, हे मला आता कोण सांगणार? बरं झालं म्हणताना तिचा चेहरा कसा होता, तेही मी पाहिलेलं नाही.

माझ्यासमोर बसलेल्या त्या बाईने चहाचे कप बाजूला सारले. मग ती म्हणाली, "ते एक आहे माझ्याकडं, माझ्या फोनमध्ये. उतरवून घेतलेलं. मॅडमनी डिलीट कर म्हणलं होतं. मी हो म्हणलं, पण केलं नाही. त्या गेल्यावर तर मुळीच करवंना."

मी विचार करायला हवा होता. जे तिने लाजेने पुसलं, तेच एक उरलं होतं. आणि ते मी ऐकावं असं तिला वाटलं असतं का? हे सगळं मला आत्ता लिहिताना सुचतंय. त्या खोलीत मी फक्त "लाव" एवढंच म्हणालो.

तिचा आवाज आला. मागे आमच्या गॅलरीतल्या कबुतरांची फडफड होती.

"आमच्या बसमध्ये एक गृहस्थ आहेत. मोशी मागे पडली की ते रुमाल काढतात. कुरुळीपर्यंत त्यांना सर्दी असते. मी शेजारच्या रांगेत बसते म्हणून मला माहीत आहे, सर्दी नसते ती. रोज तेवढ्या रस्त्यात ते रडून घेतात. का ते मला ठाऊक नाही, विचारायचा धीरही नाही. घरी रडायला जागा नसेल, कामावर वेळ नसेल. चाकण आलं की डोळे पुसतात आणि रुमालाची घडी घालतात. कशी म्हणून सांगू! चारी कोपरे एकावर एक. मी मोजमापवाली बाई आहे, माझी नजर जातेच. एकदा वाटलं, घेऊन जावा तो रुमाल आमच्या खोलीत आणि ठेवावा मशीनवर. शून्य फरक निघेल."

आणि ती हसली. छोटंसं, नाकातून सुरू होणारं हसू. तेवीस वर्षं ते मी ऐकलं होतं आणि अडीच-तीन महिन्यांत ते कसं होतं हे आठवेनासं झालं होतं.

त्यात कुचेष्टा नव्हती. हे मी तिचा नवरा म्हणून म्हणतोय, हेही खरं. त्या माणसाने ऐकलं असेल तर त्याला शेवटी काय ऐकू आलं असेल? एक बाई आपलं रडणं जगाला सांगते आणि वर हसते.

"सर, हे तुम्हाला पाठवू?" तिने विचारलं.

"नको. तिने पुसायला सांगितलं होतं."

"मग नुसतं हसणं देऊ का? तेवढं कापून देता येतंय. शेवटचे तीन सेकंद."

मी नाही म्हणायला हवं होतं. मी हो म्हणालो. तिने दोन बोटांनी पडद्यावर कुठेतरी खूण केली, पुन्हा ऐकून पाहिलं, आणि माझ्या फोनवर ते येऊन पडलं. मग मी तिला मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकायला सांगितलं. तिने माझ्यासमोर ते पुसलं. फोन माझ्याकडे वळवून दाखवलाही, कंपनीतल्या अधिकाऱ्याने दाखवला होता तसा.

"पण ग्रुपवर आहे ते राहीलच की सर," ती हळूच म्हणाली. "चाळीस-बेचाळीस जण आहेत. कुणी कुठं पाठवलं असेल, काय सांगावं."

त्या ग्रुपवर जाऊन माफी मागावी का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "पुन्हा सगळे उघडून ऐकतील." हे बरोबर होतं. त्या माणसाला भेटावं का? ती कप विसळायला उठली, आणि मीही पुढे विचारलं नाही. मी त्याला अजून भेटलेलो नाही. रोज मोशीकडून येणाऱ्या मोटरसायकलींमध्ये तो असणार, आणि त्याला हे ठाऊक असणार की चाळीस फोनांत तो अजून रडतो आहे. माझी बायको तिथे अजून त्याच्या रुमालाची घडी मोजते आहे. बाकीच्या दोन वर्षांच्या गुरुवारी ती कशाकशाविषयी बोलली ते मात्र कुठेच नाही. ऐकणारी ती दहा-बारा माणसं कोण होती हे कळण्याचा मार्ग नाही. हीच ऐकायची, तर तिला मी एक-दोनदा विचारलं. तिला सात-आठ आठवतात, तीही अर्धीमुर्धी: कॅन्टीनमधल्या एका मांजराविषयी एक होतं, आणि लाइट गेल्यावर मशीन थांबतात तेव्हा होणाऱ्या शांततेविषयी एक. माझ्याविषयी एक होतं म्हणे. त्यात काय होतं, तिला सांगता आलं नाही. "चांगलंच होतं सर," ती म्हणाली.

यंदाच्या व्याख्यानाच्या वेळी मी मागच्या खुर्चीवर बसलो नाही. पुस्तकांच्या रांगांत काम आहे असं सांगून आत गेलो. एकदा टाकलं ते कायमचं राहतं, हे ठरलेलं वाक्य तिथवर ऐकू आलंच.

तीन सेकंदांचं ते हसू माझ्या फोनमध्ये आहे, संगणकावर आहे, दोन पेन ड्राइव्हवर आहे. नेटवर मी ते कुठेही ठेवलेलं नाही. रविवारी दुपारी कधी कधी लावतो. तिच्या हाताखालच्या बाईने फार नेमकं कापून दिलंय, आधीचा एक श्वाससुद्धा त्यात नाही. तरी लावलं की दर वेळी हसण्याच्या आधी मला ते वाक्य ऐकू येतं. शून्य फरक निघेल. मग ती हसते, आणि ती कशाला हसली ते मला माहीत असतं.